खांब सरकला

बँकेच्या मुख्य दाराशी तो सत्तावीस वर्षं उभा होता, आणि उभा होता म्हणजे खरोखरच उभा होता. सकाळी शटर वर गेलं की दाराच्या डाव्या अंगाला भिंतीशी पाय रोवायचे, कमरेला पिस्तूल, छातीला बिल्ला, आणि मग शटर खाली येईपर्यंत हलायचं ते फक्त मिशीनं. लोक त्याला खांब म्हणत. सुरुवातीला पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी बँकेच्या हजेरीपुस्तकातही तेच नाव कुणीतरी शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलं. त्यानं ते खोडलं नाही.

त्याच्या उभं राहण्याच्या कथा गावभर होत्या. एकदा एक आजोबा त्याच्या कोपरावर छत्री अडकवून आत गेले आणि तासाभरानं बाहेर येऊन "काय सोय केलीय बघा बँकेनं" म्हणत घेऊन गेले. एका कबुतरानं त्याच्या टोपीवर काड्या आणून टाकायला सुरुवात केली होती. आणि सहा वर्षांपूर्वी रंगारी आले तेव्हा त्यांनी सगळी भिंत फिक्या निळ्या रंगानं रंगवली. खांबाला हलवायचं कसं हे कुणाला सुचेना, म्हणून त्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवून निघून गेले. तो घरी गेला की मागे भिंतीवर टोपी घातलेल्या माणसाच्या आकाराचा जुना पिवळा डाग राहायचा. सफाईवाल्या मावशी त्या डागालाही "गुड नाईट" म्हणून जायच्या.

तर असा हा खांब आपल्या जागेवर अतिशय सुखी होता. कुणाची सून बाळंतपणाला आली, कुणाचे डोळे ऑपरेशननंतर सुधारले, कोण कुणाशी बोलेनासं झालं, हे सगळं त्याच्यासमोरून जायचं. एवढी बातमी बसल्या जागी, म्हणजे उभ्या जागी, मंत्र्यालाही मिळत नसेल.

आणि मग मुख्य कचेरीतून एक कागद आला.

आजवर बंदूकवाल्या रक्षकांची वर्षातून एकदा परीक्षा व्हायची ती अशी: दोन्ही पाय रोवा, लांबवरच्या पाटीवर दहा गोळ्या झाडा. खांबाच्या दहाच्या दहा बसायच्या. न हलण्यात त्याचा हात कोण धरणार? पण नव्या कागदात लिहिलं होतं की यापुढे परीक्षा चालता चालता होईल, तीही पाच पावलांच्या अंतरावरून. शिट्टी झाली की मोठ्यानं इशारा द्यायचा, पिस्तूल काढायचं, आणि उजवीकडे सात पावलांवर ठेवलेल्या लोखंडी पिंपाआड पोचेपर्यंत वाटेत सहा गोळ्या. सहापैकी पाच तरी पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीवरच्या ताटलीएवढ्या गोलात पाहिजेत. गोळ्या सुटत असताना पाय थांबले, तर नापास. नापास झालेल्याचं पिस्तूल जमा, आणि बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत.

तळघर! तिथे एक बल्ब, चार हजार फायली आणि एक मांजर. मांजरही बातम्या सांगणारं नव्हतं. खांबाच्या तोंडचं पाणी पळालं.

परीक्षेला तीन आठवडे होते. पहिल्या रविवारी सगळे रक्षक सरावाला गावाबाहेरच्या मैदानात जमले. शिकवायला हवालदारमास्तर होते: पोलिसातून निवृत्त झालेले, वाळक्या शेंगेसारखे, आवाज मात्र रेल्वे इंजिनाचा.

"ऐका रे," मास्तर म्हणाले, "तुमच्यावर जो चालून येणार आहे तो शंभर हातांवर उभा राहून तुम्हाला पत्र पाठवणार नाही. तो 'जरा पेन देता का' म्हणत तुमच्या नाकासमोर येणार. तुमचं पिस्तूल म्यानात, त्याचं हातात. आता तुम्ही जिथे उभे आहात, तीच एक जागा त्यानं नेम धरून ठेवलीय. मग त्या जागेवर थांबायचं कशाला? तिथे काय तुमचं लग्न लागलंय?"

सगळे हसले. खांब हसला नाही. त्याचं जवळजवळ लागलंच होतं.

"पहिलं पाऊल आडवं. त्याच्या रेघेतून बाहेर. आणि आडवं म्हणजे पळत सुटायचं नाही. पळाल तर वाचाल कदाचित, पण तुमच्या गोळ्या कुठे जातील? बँकेत माणसं असतात, बाबांनो. तुमची प्रत्येक गोळी कुठेतरी जाऊन पोचतेच. तेव्हा जेवढं नेम धरून चालता येतं, तेवढंच चालायचं. समजलं? खांबराव, या पुढे."

खांब पुढे आला. शिट्टी झाली. त्यानं "थांबा! हात वर!" असं इतक्या नम्रपणे म्हटलं की कुणी चहाला थांबा म्हणतोय असं वाटावं. पिस्तूल काढलं, नेम धरला, आणि पाय उचलायला गेला तर पाय उचलेना. सत्तावीस वर्षांची सवय. गुडघ्यानं वर निरोप पाठवला, कमरेनं तो अडवून धरला. शेवटी उचलले ते दोन्ही पाय एकदम, आणि मग जे काही झालं त्याला चालणं म्हणता येणार नाही. कपाट जिन्यावरून खाली येतं तसा तो उजवीकडे गेला. पहिली गोळी मातीच्या बांधात, दुसरी बांधात, तिसरी पुठ्ठ्याच्या माणसाच्या कानाला चाटून, चौथीनं शेजारच्या टार्गेटवरचा आकडा आठचा तीन केला. उरलेल्या दोन मास्तरांनी झाडूच दिल्या नाहीत.

"खांबराव," मास्तर हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज ही काळजीची गोष्ट होती, "तुम्हाला हलवायला क्रेन मागवू का?"

त्याच्यामागून आला भिंगरी. हा नोटांच्या गाडीवरचा रक्षक, खांबाहून वीस वर्षांनी लहान, काडीसारखा, सतत उड्या मारणारा. शिट्टी वाजायच्या आत तो पिंपाआड होता. सहाही गोळ्या झाडल्या. त्यातली एकही पुन्हा कुणाला दिसली नाही.

"मी तर वाचलो ना पण?" भिंगरीनं विचारलं.

"तू वाचलास. तोही वाचला. दोघं मिळून जेवायला जा आता," मास्तर म्हणाले.

खांब घरी आला तो खांदे पाडूनच. बायकोनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता ताट वाढलं. ती मोठ्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये कामाला होती, वॉर्डावॉर्डात ट्रे पोचवायची. बांधा ठेंगणा, जीभ लांब.

"अहो, काय झालं ते सांगा, का उभ्यानंच झुरणार?"

"पाय उचलत नाही गं."

"डॉक्टरांना दाखवायचं?"

"उचलतो तेव्हा हात हलतो. हात धरून ठेवला की पाय अडतो. दोन्ही मिळून माझ्या अंगात नांदतच नाहीत."

"एवढंच ना," ती म्हणाली आणि भात वाढला. पण त्याला कळलं की तिलाही ते एवढंच वाटलेलं नाही. तिनं तळघर पाहिलं होतं. एकदा त्याचा डबा द्यायला गेली असताना चुकून खाली उतरली होती, आणि वर आल्यावर दोन दिवस शिंकत होती.

मंगळवारी त्याला लवकर सुटी मिळाली, म्हणून तो तिला आणायला इस्पितळात गेला. भेटीची वेळ होती. कँटीनसमोरच्या पॅसेजमध्ये ही गर्दी: कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, रडणारी पोरं, फुलं घेऊन हरवलेले पाहुणे. त्या गर्दीच्या दुसऱ्या टोकाला दार ढकललं गेलं आणि त्याची बायको बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेवर काठोकाठ भरलेले सुपाचे आठ वाडगे.

"गरम, गरम, बाजूला!"

आणि गर्दी दुभंगली. खांब बघत राहिला. ती आडवी सरकली, एका कुबडीला वळसा घातला, पुन्हा सरळ, मग तिरकी, एका खुर्चीच्या चाकापासून बोटभर अंतरावरून निसटली. पाय सारखे चालू. पण कमरेच्या वर ती जणू नावेत बसली होती. वाडग्यातल्या सुपावर सुरकुतीसुद्धा नव्हती. आणि तिचं लक्ष ट्रेकडे नव्हतंच. ती सरळ समोर, पॅसेजच्या टोकाला बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या तोंडाकडे बघत होती.

खांबानं तोंडात बोट घातलं.

"हे... हे तू कसं करतेस?" ती रिकामा ट्रे घेऊन परतली तेव्हा त्यानं विचारलं.

"काय?"

"चालतेस, पण सांडत नाहीस."

तिनं ट्रे कमरेवर टेकवला. "एकोणतीस वर्षं संसार केला माझ्याशी, आणि मला चालता येतं हे आज दिसलं तुम्हाला?"

"अगं, घरी तू ट्रे घेऊन कुठे चालतेस?"

"घरी चालायला जागा कुठे आहे? तुम्ही मधे उभे असता."

पण त्याच संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. पिस्तूल बँकेच्या तिजोरीत असायचं, तेव्हा ते घरी आणायचा प्रश्नच नव्हता. कँटीनमधून एक पोचे आलेला जुना ट्रे आणला, त्यावर पाण्यानं भरलेले सहा वाडगे ठेवले आणि स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंतचा बोळ मोकळा केला.

"गुडघे सैल. अहो, सैल म्हणतेय, पडायला नाही सांगितलं. टाच आधी टेका, मग चवडा. पाऊल छोटं. कमरेच्या खाली चालायचं, कमरेच्या वर बसायचं."

"बसायचं?"

"बसल्यासारखं! आणि वाडग्यात बघू नका. वाडग्यात बघितलं की सांडतं. सूप ज्याचं आहे त्याच्या तोंडाकडे बघायचं."

"कुणाचं आहे?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या दारावर भिंतीवरचं जुनं घड्याळ आणून टांगलं. "ह्याचं. चला. आणि 'गरम' म्हणा."

"पाणी गार आहे."

"ओरडल्याशिवाय ट्रे उचलायचाच नाही. आमच्या कँटीनचा नियम आहे. ओरडलं की श्वास सुटतो, श्वास सुटला की खांदे खाली येतात. म्हणा."

"गरम, गरम, बाजूला," खांब पुटपुटला.

"पेशंटला झोपवायचं नाहीये!"

"गरम, गरम, बाजूला!"

पहिल्या दिवशी इतकं पाणी सांडलं की खालच्या मजल्यावरच्या काकू छत्री उघडूनच जिन्यानं वर आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी छत्री आणली नाही, बादली आणली, आणि जाताना भरून नेली. चौथ्या दिवशी त्या नुसत्या बघायला आल्या. पुढच्या मंगळवारी बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत येईतो फक्त एक थेंब सांडला, आणि बायकोनं तो बोटानं टिपून त्याच्या कपाळाला लावला.

"आता उलटं चाला," ती म्हणाली. "आता आडवं. आता मी मधे येणार, मला चुकवा."

रोज कामावरून आल्यावर दीड तास. त्याला वाटलं होतं तिला कंटाळा येईल. पण ती गाणं गुणगुणत मधे मधे यायची, अचानक खुर्ची सरकवायची, एकदा तर झाडू आडवा धरून उभी राहिली. तो वळसा घालून गेला, न थांबता, घड्याळाकडे बघत. आणि वाटेत त्याला अशी गंमत वाटली की तो चालता चालता हसला. सत्तावीस वर्षांत कामाच्या पोझमध्ये तो पहिल्यांदा हसला असेल.

मधल्या दोन रविवारी मास्तरांनी त्याला रिकाम्या पिस्तुलानं चालवून घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढून आत काही आहे का ते बघितलं आणि पुन्हा घातली.

परीक्षेच्या दिवशी मुख्य कचेरीतून परीक्षकसाहेब आले. इस्त्रीचा सदरा, हातात फाईल, फाईलला चिकटलेलं लांब तोंड. सगळे गोळीबाराच्या रेषेमागे उभे राहिले: मागे रांगेत रक्षक, जरा पुढे मास्तर, आणि परीक्षा देणाऱ्याच्या उजव्या अंगाला, पिंपाच्या वाटेला अगदी खेटून, फाईल उघडून साहेब.

आधी भिंगरी गेला. या वेळी त्यानं स्वतःला आवरलं, पण तरी चार गोळ्याच गोलात. साहेबांनी काहीतरी लिहिलं. भिंगरीचा चेहरा पडला.

"पुढचा," साहेब म्हणाले.

खांब जागेवर जाऊन उभा राहिला. पाच पावलांवर पुठ्ठ्याचा माणूस. बल्ब दिसला, फायली दिसल्या, मांजर दिसलं. पाय जमिनीत उतरायला लागले, ओळखीच्या जागी, नेहमीसारखे. आणि मास्तरांनी शिट्टी फुंकली.

"गरम, गरम, बाजूला!"

हे तोंडातून निघालं आणि पाय सुटले. गुडघे सैल, टाच, चवडा, टाच, चवडा. पिस्तूल म्यानातून वर आलं ते ट्रे उचलावा तसं, सपाट. पुठ्ठ्याच्या माणसाला तोंड नव्हतं, पण छातीवर गोल होता, आणि खांब त्या गोलाकडे बघत उजवीकडे सरकत राहिला. एक. दोन. कमरेच्या वर तो बसला होता. तीन, चार. वाटेत खांद्याला काही लागेल असं वाटलं होतं, पण वाट मोकळी होती. पाच. पिंपाचा गारवा कोपराला लागता लागता सहा.

खांबानं पिस्तूल रिकामं करून दाखवलं, म्यानात ठेवलं आणि वळून बघितलं.

रेषेमागचे सगळे रक्षक दोन बाजूंना झाले होते. मधे गाडी जाईल एवढी वाट. आणि परीक्षकसाहेब तीन पावलं मागे, कुंपणाला पाठ लावून, पोट आत ओढून, फाईल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून उभे होते, कपड्यांवर काही सांडू नये तसे.

मास्तर टार्गेटपाशी गेले. बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. "सहा," ते म्हणाले. "सहाच्या सहा. वर हात ठेवला तर झाकल्या जातील एवढ्यात."

साहेबांनी फाईल खाली घेतली, घसा साफ केला. "गोळ्या ठीक. चालणंही... ठीक. पण इशारा चुकला. 'थांबा, हात वर' असा इशारा अपेक्षित आहे. हे गरम-बिरम काय? यांना मी पास करू शकत नाही."

खांबाच्या कानात तळघराचं दार करकरलं.

"साहेब," मास्तर अगदी गोड आवाजात म्हणाले, "नियम जरा वाचून दाखवता? आम्ही अडाणी माणसं."

साहेबांनी पान उलटलं. "'रक्षकाने मोठ्याने व स्पष्टपणे इशारा द्यावा...'"

"दिला. पलीकडच्या शेतातली गुरं उठली."

"'...जेणेकरून आसपासच्या व्यक्ती गोळीच्या मार्गातून तत्काळ दूर होतील.'"

"आणखी काही? कोणते शब्द वापरायचे, वगैरे?"

साहेबांनी पान पुन्हा उलटलं, मग मागून बघितलं. "शब्द... उदाहरणादाखल दिलेत."

"बरं. मग एक विचारू? मघाशी भिंगरी 'थांबा, हात वर' म्हणाला, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथे. वाटेला लागून."

"आणि आत्ता कुठे आहात?"

साहेबांनी मागे बघितलं. पाठीला कुंपण होतं. सदऱ्यावर त्याच्या गंजाच्या दोन पट्ट्या उमटल्या होत्या. रक्षकांच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं केलं, मग कुणीच खोकलं नाही, सगळे हसले. आणि साहेबांचं ते लांब तोंड हळूहळू रुंद व्हायला लागलं.

"माझी आई सासरी रोज चाळीस माणसांचं वाढायची, 'गरम, गरम' ओरडत," ते म्हणाले. "तो आवाज ऐकला की मी आजही बाजूला होतो. तिथे विचार करायला वेळच नसतो." त्यांनी पेन काढलं आणि खांबाच्या नावापुढे काहीतरी ठसठशीत लिहिलं. खांबाचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी तो थेट इस्पितळात गेला. पॅसेजमध्ये बायको ट्रे घेऊन निघालीच होती. त्याला बघून तिनं भुवई उचलली, पाय न थांबवता. त्यानं सहा बोटं दाखवली. ती चालतच राहिली. पण पेशंटच्या वॉर्डात त्या दिवशी एका वाडग्यातलं सूप थोडं सांडलं होतं, असं कँटीनवाले अजून सांगतात. तिच्या सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच.

पुढे भिंगरीची फेरपरीक्षा ठरली. त्याला मास्तरांनी कँटीनच्या बाईंकडे पाठवलं. मग नोटांच्या गाडीवरचे दुसरे दोघं आले. मग शेजारच्या बँकेचे. आता दर रविवारी भेटीच्या वेळेला त्या पॅसेजमध्ये गणवेशातले सात-आठ धिप्पाड पुरुष ट्रे घेऊन गुडघे सैल सोडून सरकताना दिसतात, आणि त्यांच्या मागून एक ठेंगणी बाई "तोंडाकडे बघा, तोंडाकडे!" म्हणत फिरते. पेशंटांना सूप इतकं गरम मिळायला लागलंय की काहीजण बरे झाले तरी घरी जायला तयार नाहीत, असं म्हणतात.

खांब परत दारात आला, पण आता तो एका जागी राहत नाही. कुणी आत आलं की दोन पावलं इकडे, कुणी बाहेर गेलं की दोन तिकडे. नमस्कार करायला सरकतो, बातमी ऐकायला सरकतो. कबुतरानं आठवडाभर वाट बघितली आणि शेवटी मॅनेजरच्या खिडकीवर बिऱ्हाड केलं.

आणि भिंतीवरचा तो पिवळा डाग उघडाच पडला, तेव्हा मॅनेजरनी रंगाऱ्याला बोलावलं. रंगारी डबा घेऊन आला, खांब आपणहून बाजूला झाला, आणि सहा वर्षांनी ती भिंत सगळी एका रंगाची झाली. सगळे बघायला जमले. मावशींना जरा चुटपुट लागली.

संध्याकाळी बायको त्याला घ्यायला आली. शटर खाली येत होतं. दिवसभर चालून खांबाचे पाय भरून आले होते, म्हणून त्यानं क्षणभर, नुसता क्षणभर, जुन्या जागी पाठ टेकली.

"अहो, ओला रंग!" ती ओरडली.

तो सरकला, आणि फार छान सरकला. पण उशीर झाला होता. गणवेशाच्या पाठीवर टोपीपासून कमरेपर्यंत फिका निळा रंग, आणि भिंतीवर टोपी घातलेल्या माणसाचा डाग.

"आता मावशींची सोय झाली," बायको म्हणाली, आणि दोघं घराकडे निघाली. ती पुढे, तो मागे, आणि रस्त्यातली माणसं त्याच्या पाठीकडे बघत आपोआप बाजूला होत होती.